जानव्याला बांधलेली किल्ली

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टींचा ढीग होतो. एक, कधीतरी लागतील म्हणून जपलेले नटबोल्ट. दुसरे किस्से. नटबोल्ट आमची ही दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला देऊन टाकते. किस्से कोणी नेत नाही! 'आमच्या कंपनीत एकदा काय झालं,' एवढं म्हटलं की मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालतो आणि सूनबाईंना कुकर लावायचा असतो. म्हणून रोज सकाळी टेकडीवर तुम्ही सापडता. बसा जरा. उन्हं वर यायला वेळ आहे.

हडपसरला एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. स्कूटरला लागणारे ब्रॅकेट, बिजागऱ्या, असे पत्र्याचे फुटकळ भाग आम्ही करायचो. करायचे म्हणजे प्रेसवर दाबून काढायचे. वरून जडच्या जड साचा धाडकन खाली येतो, खाली ठेवलेल्या पत्र्याचा ब्रॅकेट होतो. पत्र्याच्या जागी बोटं असली तर त्यांचाही होतो. मशीनला त्यातला फरक कळत नाही.

तो फरक मशीनला कळावा म्हणून जाळ्या, बटणं, स्विच, सेन्सर असं सगळं बसवलेलं असतं. ते जागेवर आहे की नाही हे बघायचं काम माझं. हुद्दा सेफ्टी ऑफिसरचा. खरं काम संशय घेण्याचं. त्या बाबतीत मात्र योग्य जागी योग्य माणूस नेमला होता, हे आमच्या घरचेही मान्य करतात. मी कुलूप लावल्यावर तीनदा ओढतो. जिन्यातून परत वर जाऊन चौथ्यांदा ओढतो.

आता तुम्ही म्हणाल, जाळी कामगाराच्याच बोटांसाठी, मग तो ती का काढेल? अहो, जाळी मध्ये आली की हात सावकाश चालतो. हात सावकाश चालला की दिवसाचा कोटा लांबतो. कोटा लवकर संपला की झाडाखाली बसून तंबाखू मळता येते. इतकं साधं आहे. कंपनीला एक गार्ड, म्हणजे अशी जाळी, बसवायला दोन महिने लागायचे आणि आमच्या बबनला ते चुकवायला दोन तास!

*

बबनचं पुढे येईलच. आधी मारुतीअण्णांचं सांगतो, कारण माझ्या संशयाला धार तिथे लागली.

मी लागलो तेव्हा अण्णा प्रेसवर होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. एका सकाळी राउंड मारताना त्यांच्या मशीनची जाळी तारेने वर बांधलेली दिसली. मी म्हणालो, "अण्णा, ती सोडा हं खाली."

ते म्हणाले, "एवढा लॉट झाला की सोडतो, साहेब."

तिथेच उभं राहून ती तार मी सोडवून घ्यायला हवी होती. पण दहा वाजले होते. दहाला कँटीनमध्ये चहा यायचा आणि उशीर झाला की तो कोमट मिळायचा. मी चहाला गेलो. अर्धा कप झाला असेल नसेल, तेवढ्यात शॉपमधून, म्हणजे मशीनच्या खात्यातून, ओरडण्याचा आवाज आला.

अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत मी लिहून दिलं, 'कामगाराने गार्ड बांधून ठेवले होते.' ते खरंच होतं. तार मी पाहिली होती आणि चहाला गेलो होतो, हे मात्र कुठेच लिहिलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते, तेव्हा ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

कंपनीने अण्णांना इलेक्ट्रिक खात्यात घेतलं. तिथे ते डाव्या हाताने वायरिंग शिकले आणि चांगलं शिकले. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. कधी एक शब्द लावून बोलले नाहीत. उजवा हात मात्र माझ्यासमोर कायम खिशात.

तेव्हापासून मला एक खोड लागली. पाळी सुटली की मी गेटवर उभा राहून लोकांची बोटं मोजायचो. कार्ड पंच करताना हात दिसतातच. पहिल्या महिन्यात लोक चिडले. दुसऱ्या महिन्यापासून चेष्टा सुरू झाली. बबन तर लांबूनच दोन्ही पंजे वर करायचा, "घ्या मोजून साहेब, धाच्या धा हायत!"

मी खरोखर मोजायचो. न मोजता त्याच्यावर विश्वास ठेवण्यासारखा तो माणूसच नव्हता.

*

हा बबन लोणी काळभोरचा. एम-एटीवरून यायचा, डोक्याला पांढरा गमछा. आमच्याकडचा सगळ्यात चलाख प्रेस ऑपरेटर. सगळ्यात चलाख म्हणजे माझ्या दृष्टीने सगळ्यात संशयास्पद.

मधे काही दिवस त्याला ग्राइंडिंगला दिलं होतं. ग्राइंडरवर ठिणग्या उडतात, म्हणून गॉगल सक्तीचा. गॉगलवर धूळ बसते, घामाने वाफ धरते, म्हणून तो कोणी घालत नसे. मी नोटीस लावली, गॉगल दिसला नाही तर मेमो. दुसऱ्या दिवसापासून बघतो तर सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल! दहाच्या दहा माणसं, एकही चुकार नाही.

पुण्यात कुठलीही गोष्ट नोटीस लावून एका दिवसात होत नसते.

तीन दिवस लांबून पाहिलं, काही सापडेना. चौथ्या दिवशी बबनजवळ जाऊन म्हणालो, "शाबास रे. आता सवय झाली ना?"

"व्हय साहेब. आता तर डोळ्याला लावल्याबिगर करमतच न्हाई," असं म्हणता म्हणता बबनने गॉगलमधून बोट आत घातलं आणि डोळ्यातला घाम पुसला!

काचा काढलेल्या होत्या. सगळ्यांच्याच. नुसत्या चौकटी घालून माणसं काम करत होती. मी काचा कुठे आहेत विचारलं तर बबनने डबा उघडून दाखवला. एकेक काच कागदात गुंडाळून ठेवलेली.

म्हणाला, "तुम्हीच म्हनला व्हता ना, कंपनीची वस्तू हाय, ओरखडे पडू देऊ नका."

*

प्रेसवर परत आल्यावर त्याने मला खरा घाम फोडला.

जाळीचा अनुभव आल्यामुळे आम्ही प्रेसला दोन बटणं बसवली होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबायची, तरच साचा खाली येणार. हात बटणांवर, म्हणजे बोटं साच्यात असूच शकत नाहीत. कागदावर बिनतोड योजना!

पहिल्या आठवड्यात बबनने एका बटणात सुपारीचं खांड अडकवलं. एक बटण कायमचं दाबलेलं, एक हात मोकळा. मी आमच्या इलेक्ट्रिकवाल्यांकडून सर्किट बदलून घेतलं. बटण प्रत्येक वेळी सुटलं पाहिजे, नाहीतर मशीन चालणार नाही. तर हा एक बटण गुडघ्याने दाबू लागला. मी बटणं वर घेतली. हा कोपराने दाबू लागला. मी बटणं लांब लांब केली, मधे झाकणं बसवली.

मग महिनाभर शांतता. एकही तक्रार नाही, उलट बबनचा माल सगळ्यांच्या आधी संपायचा. शांतता मला कधीच मानवत नाही. एका दुपारी मी पत्र्याच्या चळतीमागे लपून उभा राहिलो. हो, लपून! सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली दोन तरी कशाच्या ना कशाच्या मागे लपण्यात गेली असतील.

बबनने मशीनखालून एक दांडा काढला. दांड्याला दोन टोकांना दोन खुंट्या, बरोबर बटणांच्या अंतरावर. डाव्या हाताने दांडा एकदा दाबला की दोन्ही बटणं एकदम! उजवा हात पत्रे सारायला मोकळा. खुंट्यांना पुढे रबरसुद्धा लावलं होतं, बटणांवर चरे पडू नयेत म्हणून.

मी दांडा जप्त केला. वाटलं, चला, संपलं. तासाभराने बबन माझ्या टेबलापाशी हजर.

"साहेब, दांडा द्या. कंपनीचा हाय, माझ्या नावावर हाय."

त्याने स्टोअरची चिठ्ठी पुढे केली. 'मशीन साफ करण्यासाठी लाकडी दांडा, खुंट्यांसह, नग एक.' खाली मंजुरीची सही माझी!

मला आठवलं. कँटीनमध्ये चहाचा कप हातात असताना कोणीतरी कागद पुढे केला होता आणि मी उभ्याउभ्या सही ठोकली होती. दांडा परत द्यावा लागला.

*

एक छोटा सांगतो. आमच्याकडे माल हलवायला फोर्कलिफ्ट होती. सीटवर माणूस बसलेला असेल तरच ती चालणार, म्हणून सीटखाली स्विच. ड्रायव्हरला सारखं चढायचं-उतरायचं जिवावर यायचं. म्हणून त्याने सीटवर पत्र्याच्या कातरणाचं पोतं ठेवलं. पोतं बसलेलं, गाडी चालू, आणि हा बाजूला उभा राहून हातानेच दांडे ओढतोय.

त्याच सुमाराला मी मोठ्या अक्षरात पाटी लावली होती, 'फोर्कलिफ्टच्या सीटवर हेल्मेटशिवाय बसण्यास सक्त मनाई आहे.'

आमचा माल घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे एकदा तपासणीला आले. मी त्यांना मोठ्या ऐटीत शॉप दाखवत होतो. वळणावरून फोर्कलिफ्ट आली. सीटवर पोतं. पोत्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, पट्टा नीट बांधलेला!

पाहुण्यांनी पोत्याकडे बघून वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाले, "तुमच्याकडे पोती नियम पाळतात हो."

*

बायका मागे होत्या असं समजू नका. आमच्या पॅकिंगला सुमनताई होत्या. कर्वेनगरच्या, माझ्याच गल्लीतल्या, त्यामुळे त्या मला भीत नसत. त्यांच्या मशीनला एक दार होतं. दार उघडं असलं तर आतलं गरम पातं चालू होत नसे. दाराला लोहचुंबकाचा स्विच, दार मिटलं की चुंबक जवळ येतं आणि मशीनला कळतं.

एका खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, हार घातले, हळदकुंकू लागलं. हार दोन दिवसांनी उतरले. सुमनताईंच्या मशीनवरचं लिंबू-मिरची मात्र उतरलं नाही. दर शनिवारी त्या जुनं काढून नवं बांधायच्या. अगदी भक्तिभावाने, हात जोडून.

मला भक्तीचा संशय येत नाही. जागेचा येतो. लिंबू-मिरची माणूस दारावर मधोमध बांधतो. हे कायम डाव्या कोपऱ्यात, स्विचच्या पुढ्यात!

मी म्हणालो, "सुमनताई, ते लिंबू जरा काढून दाखवा."

सगळी लाइन थांबली. बायका माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मी देव्हाऱ्याला लाथ मारली. सुमनताई म्हणाल्या, "अहो लेले साहेब, आम्ही काढणार नाही. तुम्हाला काढायचं तर काढा. मात्र नंतर काही झालं तर आमच्याकडे येऊ नका."

खोटं कशाला सांगू, माझा हात थबकला. सकाळीच आमच्या हिने स्कूटरला तसंच लिंबू बांधलं होतं. तरी काढलं. तळहातावर घेतलं तर लिंबू चांगलं वजनदार! चाकूने कापलं. आत लोहचुंबक, रसात न्हालेलं.

मी विजयी मुद्रेने सगळ्यांना दाखवलं. नंतर मोठ्या मनाने म्हणालो, "साधं लिंबू बांधायला माझी हरकत नाही." सुमनताईंनी लगेच साधं लिंबू बांधलं, मशीनचं दार सताड उघडं ठेवलं आणि बटण दाबलं. मशीन अर्थातच ढिम्म.

"बघा," त्या लाइनकडे वळून म्हणाल्या, "साहेबांनी हात लावला आणि लिंबातला गुण गेला!"

*

आता थोडं स्वतःचं. दुसऱ्यावर संशय घेणाऱ्याने अधूनमधून आरशात बघावं, पण मी बघत नसे. बबनने ते काम केलं.

मी स्कूटरवरून जायचो. कंपनीच्या गेटात हेल्मेट सक्तीचं, नियम मीच केलेला. गेटाबाहेर आलो की हेल्मेट डोक्यावरून काढून कोपरावर अडकवायचं. तुम्ही हसू नका, तुमचीही हेल्मेटं कुठे असतात ते मला माहीत आहे.

एके संध्याकाळी स्वारगेटच्या सिग्नलला उभा होतो. शेजारी येऊन एम-एटी थांबली. बबन गाडीचा कुठलासा पार्ट घ्यायला गावात आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, कोपरावरच्या हेल्मेटकडे पाहिलं.

"साहेब, कोपराची लई काळजी घेता!"

सिग्नल सुटला. दुसऱ्या दिवशी गेटवर मी बोटं मोजायला उभा राहिलो, तर पंजे कोणीच दाखवेना. ओळीने सगळे कोपर दाखवत गेले!

*

आता किल्लीचं.

दांडा प्रकरणानंतर मी मॅनेजर कर्णिक साहेबांच्या मागे लागून बबनच्या प्रेसला लाइट कर्टन बसवून घेतलं. साच्यापुढे दोन खांब, त्यांच्यामधून न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात पडद्यात शिरला की प्रेस जागच्या जागी थांबणार. बटण कशानेही दाबा, गुडघ्याने दाबा नाहीतर दांड्याने, बोट आत असलं की प्रेस थांबणारच. बबन दोन दिवस त्या खांबांभोवती फिरला आणि म्हणाला, "ह्याला काय वाट दिसत न्हाई, साहेब."

त्या वाक्याने मला जितकी झोप लागली तितकी नोकरीत कधी लागली नाही.

एकच वाट होती. दुरुस्तीच्या वेळी पडदा बंद करता यावा म्हणून पॅनेलवर एक किल्लीचा स्विच होता. किल्ली फिरवली की लाल दिवा लागणार आणि पडदा गैरहजर. किल्ल्या दोन आल्या. एक कर्णिक साहेबांसमोर मी हातोड्याने ठेचली. दुसरी कुठे ठेवायची? ड्रॉवरवर माझा विश्वास नव्हता, खिशावर नव्हता, स्टोअरवर तर नव्हताच. शेवटी मी ती जानव्याला बांधली!

हे सगळं मी मुद्दाम सगळ्यांदेखत केलं. मारुतीअण्णा तिथेच पॅनेलचं झाकण बसवत होते. मी म्हणालो, "अण्णा, आता बिनघोर. किल्ली माझ्याकडे आहे."

अण्णांनी मान हलवली आणि स्क्रू पिळत राहिले.

घरी आमची ही म्हणायची, "तुमच्या मुंजीत मामाने हे सांगितलं नव्हतं." पण सहा वर्षं ती किल्ली माझ्या छातीवर होती. आंघोळीला, जेवताना, झोपेत. सहा वर्षांत एकदाही फिरवली नाही. दर शनिवारी आम्ही पडद्यात काठी घालून बघायचो आणि प्रेस थांबायचा. बबनच्या माझ्यावरच्या विनोदांना काही कमी नव्हती, पण रोज संध्याकाळी दहा बोटं गेटाबाहेर जात होती. मला तेवढं पुरे होतं.

मग तो दिवस आला. माल घेणाऱ्या कंपनीची गाडी सकाळपासून गेटात उभी, कारण तिकडे ब्रॅकेटवाचून त्यांची लाइन थांबली होती. आणि इकडे प्रेस दर चार ठोक्यांनी आपोआप थांबत होता. पडद्यात काही नसताना पडदा म्हणायचा, हात आहे!

कर्णिक साहेब स्वतः शॉपमध्ये आले. "लेले, किल्ली फिरवा."

मी म्हणालो, "नाही साहेब."

अर्ध्या तासाने परत आले. "लेले, दोन तासांचा प्रश्न आहे. बबन जुना माणूस आहे, दोन बटणं आहेतच की."

"साहेब, दोन बटणांचं त्याने काय केलं होतं ते तुम्हाला माहीत आहे."

तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ. "मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय का हो?"

मी शर्टाचं वरचं बटण काढलं.

आधी सवयीने खिशातल्या रुमालाने पडद्याच्या खांबांवरच्या दोन्ही काचा पुसल्या. मग किल्ली लावून फिरवली. लाल दिवा लागला. प्रेस सुरू झाला, तो धाड धाड धाड, एकदाही न थांबता. बबनने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. मी रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही.

"मी इथेच उभा आहे," मी बबनला म्हणालो. "हात आत घालायचा नाही. पत्रा अडकला तर मशीन बंद कर, मला हाक मार."

"व्हय, साहेब."

आणि मी उभा राहिलो. तासभर उभा राहिलो. सगळं सुरळीत चाललं होतं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेतीन. दुपारचा चहा आला असणार. म्हटलं, दोन घोट घेऊन येतो.

कप तोंडाला लावला आणि प्रेसचा आवाज थांबला. मागोमाग बबनची हाक, "साहेब!"

मी कसा धावलो ते सांगता येत नाही. कप हातातच होता, चहा सगळा अंगावर. पाय प्रेसकडे पळत होते आणि डोळ्यांसमोर ती बांधलेली तार.

बबन मशीनसमोर ताठ उभा होता. उजवा हात मनगटापर्यंत साच्यात. वर साचा, हातापासून जेमतेम चार बोटांच्या अंतरावर, अधांतरी थांबलेला. तो जुना दांडा खाली पडला होता. पत्रा अडकला होता, याने सहा वर्षांपूर्वीच्या सवयीने तो काढायला हात घातला होता आणि त्याच क्षणी डावा हात दांड्यावर पडला होता.

"हात काढ," मी म्हणालो.

त्याने हळूच हात बाहेर काढला आणि स्वतःच बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. परत मोजली. मग तिथेच खाली बसला.

प्रेस थांबवला होता पडद्यानेच. पॅनेलवर पिवळा दिवा लागला होता, म्हणजे 'पडद्यात हात'. शेजारी किल्लीचा लाल दिवाही चालू होता, म्हणजे 'पडदा बंद'. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही!

माझा संशय जागा झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणावर घ्यायचा तेच कळेना. मी पॅनेल उघडायला सांगितलं. मारुतीअण्णा आले, डाव्या हाताने स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं.

किल्लीच्या स्विचमागे तीन तारा. लाल दिव्याची तेवढी शाबूत. पडदा बंद करणाऱ्या दोन्ही तारा कापलेल्या. टोकांना व्यवस्थित काळी टेप गुंडाळलेली आणि त्या टेपवर वर्षानुवर्षांची धूळ.

म्हणजे माझ्या छातीवरची ती किल्ली कशालाच जोडलेली नव्हती. मघाशी प्रेस सुरळीत झाला तो रुमालाने काचांवरची धूळ पुसली गेली म्हणून.

बबन बसल्या जागेवरून म्हणाला, "म्या न्हाई, साहेब. आईच्यान." पहिल्यांदाच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मी अण्णांकडे वळलो. ते माझ्या शर्टावर सांडलेल्या चहाकडे बघत होते.

"अण्णा, या कधी कापल्या?"

"तुम्ही किल्ली जानव्याला बांधली, त्याच दिशी."

"अहो पण का? किल्ली माझ्याकडे होती ना!"

अण्णांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला, झाकण उचललं आणि परत जागेवर बसवायला लागले.

"तुम्ही चहाला जाता, साहेब."